मोबाइल नकाशात जमिनीची हद्द आखताना या चुका टाळा

शेताची, वॉर्डाची किंवा तालुक्याची हद्द मोबाइल ॲपमध्ये दाखवायची, तर जमवलेले बिंदू नकाशावर टाकले की काम झाले, असा समज असतो. मात्र कोणता आकडा अक्षांशाचा, कोणत्या बिंदूनंतर कोणता आणि कोणते बिंदू एकाच वलयातले (म्हणजे एकाच बंद रेषेतले), हे नेमके सांगितले नाही तर सॉफ्टवेअर आपल्या परीने अर्थ लावते आणि तो चुकला तरी बहुतेक वेळा तक्रार करत नाही.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक क्रमाची. ॲपमध्ये नकाशा दाखवण्यासाठीची साधने, म्हणजे गूगल मॅप्सचे अँड्रॉइड एसडीके आणि ॲपलचे मॅपकिट, आधी अक्षांश घेतात आणि मग रेखांश; नकाशाची माहिती साठवणाऱ्या जिओजेसन आणि केएमएल फाइलींत मात्र रेखांश आधी लिहिलेला असतो. फाइल वाचताना हे लक्षात राहिले नाही, तर पुण्याचे १८.५२ उत्तर, ७३.८६ पूर्व हे ठिकाण नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडजवळच्या समुद्रात जाऊन पडते. दोन्ही आकडे ९० च्या आतले असल्यामुळे साधी तपासणी त्यांना अडवत नाही. हद्द दिसतच नाही अशी तक्रार आली की म्हणूनच आधी नकाशा लहान करून आर्क्टिककडे नजर टाकावी. भारतापुरती एक सोय आहे: इथले अक्षांश ३८ च्या पुढे जात नाहीत आणि रेखांश ६८ च्या खाली येत नाहीत, त्यामुळे अदलाबदल एका ओळीच्या अटीने पकडता येते.

दुसरी चूक शिवारातच घडते. कोपरे सोयीप्रमाणे, इकडून एक आणि तिकडून एक असे टिपले, तर रेषा एकमेकींना छेदतात आणि शेताचा डमरू होतो. चौरसाचे कोपरे १, २, ३, ४ ऐवजी १, ३, २, ४ असे जोडले, तर कोपऱ्यांच्या निर्देशांकांवरून क्षेत्रफळ काढण्याच्या नेहमीच्या सूत्राने दोन्ही भागांची क्षेत्रफळे विरुद्ध चिन्हांची येतात, एकमेकांना खोडतात आणि उत्तर शून्य मिळते. मध्यबिंदूभोवतीच्या कोनानुसार क्रम लावण्याचा उपाय अनेक जण सुचवतात. साध्या चौकोनी तुकड्याला तो चालतो, पण आत वळलेल्या बांधाच्या शेतात तो हद्दच बदलून टाकू शकतो. बांधावरून चालत, क्रमांक देत नोंद करावी, हेच खरे.

वलय बंद करण्याबाबतही गोंधळ होतो. जिओजेसनमध्ये पहिला बिंदू शेवटी पुन्हा लिहावा लागतो, म्हणजे त्रिकोणालाही चार नोंदी लागतात. गूगलचे एसडीके मात्र आकार स्वतःच बंद करते. फाइलीतली जादा नोंद तशीच ठेवली, तर चित्र ठीक दिसते, पण कोपरे ओढून दुरुस्त करण्याची सोय ॲपमध्ये असेल तर एकाच जागी दोन मार्कर (ओढायच्या खुणा) बसतात. वापरणारा वरचा ओढतो, खालचा तिथेच राहतो आणि हद्दीला काटा फुटतो.

तुटक प्रदेश एका यादीत कोंबू नयेत. पुद्दुचेरी, कारैकल, माहे आणि यानम हे एकाच केंद्रशासित प्रदेशाचे भाग आहेत, पण त्यांचे बिंदू सलग जोडले तर केरळच्या किनाऱ्यापासून आंध्रपर्यंत द्वीपकल्पावर रेघोट्या उमटतात. अशा वेळी मल्टिपॉलिगॉन, म्हणजे अनेक सुटे बंद आकार (पॉलिगॉन) एकत्र ठेवणारा प्रकार, वापरावा. याच्या उलट, शेतातले शेततळे वगळायचे असेल तर ते वेगळा पॉलिगॉन म्हणून वर ठेवू नये, त्याच पॉलिगॉनचे आतले वलय म्हणून द्यावे. जिओजेसनचे नियम सांगणाऱ्या २०१६ च्या आरएफसी ७९४६ या दस्तऐवजानुसार बाहेरचे वलय घड्याळाच्या उलट दिशेने आणि आतले घड्याळाच्या दिशेने लिहायचे असते.

रेखांश फ्लोट या ३२ बिटांच्या, कमी अचूकतेच्या संख्याप्रकारात साठवू नये. पुण्याच्या परिसरात त्याची एक पायरी, म्हणजे साठवता येणाऱ्या दोन लगतच्या किमतींमधले अंतर, सुमारे ८० सेंटिमीटरची पडते आणि बांध सरकतो. त्याऐवजी डबल हा ६४ बिटांचा प्रकार वापरावा.

क्षेत्रफळ मात्र बिंदू अचूक असूनही चुकते. गोल पृथ्वी सपाट पडद्यावर दाखवणाऱ्या वेब मर्केटर प्रक्षेपणात मोजले, तर पुण्याच्या अक्षांशावर ते सुमारे ११ टक्क्यांनी फुगते आणि ४० गुंठ्यांचे शेत साधारण साडेचव्वेचाळीस गुंठ्यांचे दिसते. अँड्रॉइडसाठी गूगलच्या युटिलिटी लायब्ररीतले स्फेरिकलयुटिल गोलावरचे क्षेत्रफळ काढून देते, ते वापरावे. अन्यथा सातबाऱ्याशी आकडा ताडून पाहणारा शेतकरी बरोबर आखलेल्या हद्दीवरच संशय घेतो.