वजने उचलल्यानंतर कार्डिओ : स्नायू राखून चरबी कशी उतरवावी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात तालमीची परंपरा जुनी आहे, आणि आता जिममध्ये येणारा तरुणही त्याच ओढीने येतो. मात्र घरचे लग्न किंवा एखादी शरीरसौष्ठव स्पर्धा जवळ आली की ‘पोट उतरवायचे’ म्हणून अनेक जण वजने हलकी करतात, रोज तासभर ट्रेडमिलवर धावतात आणि रात्रीचे जेवण सोडतात. महिन्याभरात काटा खाली येतो खरा, पण पोटाबरोबर दंड आणि मांड्याही उतरलेल्या असतात. कमी खाण्याच्या काळात शरीर कोणते स्नायू राखायचे हे त्यांच्याकडून किती काम घेतले जाते यावर ठरवते. म्हणून या काळात स्नायू राखण्याचे काम वजनांचे आहे आणि कार्डिओ, म्हणजे चालणे, धावणे, सायकल असा दम वाढवणारा व्यायाम, ही त्यामागून येणारी, मोजून घ्यायची जोड आहे.

पहिली पायरी : नोंदवही. सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी वजन करावे आणि आठवड्याची सरासरी धरावी. बेंबीच्या रेषेत कंबर मोजावी. स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक), बेंच प्रेस (बाकावर उताणे पडून वजन छातीवरून वर ढकलणे) आणि रोइंग (वाकून वजन पोटाकडे ओढणे) या तीन व्यायामांत किती किलो वजन किती वेळा उचलले हेही लिहावे. पुढचे सारे निर्णय याच नोंदींवरून घ्यायचे आहेत.

दुसरी पायरी : आहार. कार्डिओ कितीही केला तरी दिवसभराच्या हिशेबात कॅलरींची तूट नसेल तर चरबी घटत नाही. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. रोज ३०० ते ५०० कॅलरींची तूट पुरेशी आहे. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे ७५ किलोच्या माणसाने ३७५ ते ७५० ग्रॅम उतरावे. त्याहून घाई केल्यास स्नायू जाण्याचा धोका वाढतो. प्रथिने दर किलो वजनामागे १.६ ते २.२ ग्रॅम हवीत, म्हणजे याच माणसाला दिवसाला १२० ते १६५ ग्रॅम. आपल्याकडच्या भात, भाकरी आणि वाटीभर उसळीच्या ताटातून एवढी प्रथिने मिळत नाहीत, हे स्पष्टपणे मान्य करायला हवे. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम, तर ५० ग्रॅम कोरड्या सोया चंक्समधून सुमारे २५ ग्रॅम प्रथिने मिळतात. चिकन, मासे, पनीर, दूध, दही यांची भर घालावी आणि भाताचा एक वाढा कमी करावा.

तिसरी पायरी : आधी वजने, तीही जड. ‘कटिंगसाठी (चरबी उतरवण्यासाठी) हलके वजन आणि जास्त रेप्स (उचलण्याच्या आवृत्त्या)’ हा सल्ला जिममध्ये सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. ज्या वजनांनी स्नायू घडले त्याच वजनांनी ते टिकतात. थकवा जाणवल्यास सेट (सलग आवृत्त्यांच्या फेऱ्या) कमी करावेत, पण बारवरचे वजन शक्यतो उतरवू नये. पाच-दहा मिनिटे अंग गरम करून ४५ ते ६० मिनिटे वजनांचा व्यायाम पुरेसा आहे. हा क्रम उलटा केला, तर धावून थकलेल्या पायांनी आणि घटलेल्या ग्लायकोजेनवर (स्नायूंत साठवलेल्या साखरेवर) स्क्वॉट करावा लागतो. वजन कमी उचलले जाते आणि स्नायूंना मिळणारा ताणही घटतो. वजनांनंतर केलेल्या कार्डिओत चरबीचा वापर किंचित वाढू शकतो, पण क्रमाचे खरे कारण ते नव्हे.

रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या दहा आठवड्यांच्या प्रयोगात वजने आणि दमसासाचा कठोर व्यायाम हे दोन्ही करणाऱ्यांची ताकद आधी वाढली, पण शेवटच्या आठवड्यांत घसरू लागली. तो व्यायाम फार मोठ्या प्रमाणात होता. बेताच्या कार्डिओने स्नायूंचे फारसे नुकसान होत नाही, असे पुढील संशोधनातून दिसले. त्यामुळे कार्डिओला घाबरण्याचे कारण नाही, त्याचे प्रमाण मात्र सांभाळावे.

चौथी पायरी : कार्डिओ. वजने संपल्यावर पाच मिनिटे थांबून पाणी प्यावे आणि २० ते ३० मिनिटे चढावर चालावे किंवा सायकल चालवावी. धावण्यापेक्षा सायकलने पायांच्या स्नायूंवर आघात कमी होतो. वेग असा ठेवावा की पूर्ण वाक्य बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. नाडी मोजत असल्यास २२० मधून वय वजा करून त्याच्या ६० ते ७० टक्के धरावेत; पस्तिशीच्या माणसासाठी ते मिनिटाला १११ ते १३० ठोके होतात. आठवड्यात तीन दिवसांपासून सुरुवात करावी. पायांच्या व्यायामाच्या दिवशी पंधरा मिनिटे सावकाश चालणे पुरे. दम काढणारे स्प्रिंट (पूर्ण वेगाने थोडा वेळ धावणे) आठवड्यातून एकदाच, तेही पायांच्या दिवसापासून दूर ठेवावेत.

बेळगावजवळच्या राजहंसगड किल्ल्याचा चढ या कामासाठी उत्तम आहे. मात्र उतरताना धावू नये, कारण उतारावर मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात आणि दोन-तीन दिवस दुखत राहतात. पावसाळ्यात बाहेर पडता येत नसेल तर घरातला जिना चालतो.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत (धातू ओतण्याच्या कारखान्यात) आठ तास उभ्याने काम करणाऱ्याने, किंवा ऊसतोडीच्या हंगामात शेतात राबणाऱ्याने, खुर्चीवर बसून काम करणाऱ्याइतका कार्डिओ करू नये. त्याचे निम्मे चालणे कामातच झालेले असते. त्याला वजने, प्रथिने आणि सात-आठ तासांची झोप यांची गरज अधिक आहे.

पाचवी पायरी : दोन आठवड्यांनी तपासणी. कंबर घटते आहे आणि उचललेले वजन टिकून आहे, तर काहीही बदलू नये. कंबर हललीच नाही तर प्रत्येक वेळी पाच मिनिटे कार्डिओ वाढवावा किंवा आहार थोडा आवरावा. दोन्ही एकदम करू नये. तिन्ही व्यायामांत ताकद सलग घसरत असेल, झोप मोडत असेल किंवा सकाळची नाडी नेहमीपेक्षा वाढलेली असेल, तर आधी कार्डिओ कमी करावा, वजने नव्हे. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी सुरुवातीपूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि व्यायाम करताना छातीत दुखल्यास किंवा भोवळ आल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.