शिलाई मशीन घ्यायला जाताना चिंध्यांची पिशवी सोबत न्या

दुकानात मशीन चालवून दाखवतात तेव्हा त्यावर घातलेला तुकडा बहुतेक वेळा खळीचा, कडक सुती असतो, तोही दुहेरी घडीचा. अशा कापडावर कुठलंही मशीन देखणा टाका घालतं. घरी आल्यावर रुबियासारख्या पातळ कापडाच्या ब्लाउजला चुण्या पडायला लागल्या की मग फोनाफोनी सुरू होते. म्हणून दुकानात जायच्या आधी घरातलं कपाट उघडा आणि आपण खरोखर काय शिवणार आहोत ते ठरवा. मशीन त्यावरून निवडायचं, खोक्यावर छापलेल्या टाक्यांच्या संख्येवरून नाही.

१. काम ठरवा, मग मशीनचा प्रकार

ब्लाउज, परकर, उशांचे अभ्रे, पॅंट आखूड करणं, पडदे: यातलं बहुतेक काम सरळ टाक्याचं आहे. त्यासाठी लोखंडी काळ्या मशीनला आजही तोड नाही. त्याच्या सुईखालच्या धातूच्या पट्टीत सुईपुरतं गोल भोक असतं, त्यामुळे पातळ कापड खाली ओढलं जात नाही आणि टाका रेखीव पडतो. सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात, कारण लुधियानात ही मशीनं आणि त्यांचे भाग बनवणारे पुष्कळ कारखाने आहेत आणि बरेचसे भाग एका कंपनीचे दुसरीच्या मशीनला चालतात. पायानं चालवायचं असल्यानं वीज गेली तरी काम अडत नाही. गुडघे दुखत असतील तर वेगळी छोटी मोटर बसवून घ्या. पायानं चाक फिरवणारा पट्टा, म्हणजे वादी, मात्र टाकून देऊ नका, म्हणजे भारनियमनाच्या वेळी परत पायावर येता येतं. स्टँडसह साधारण ६,००० ते १०,००० रुपयांत हे मशीन येतं.

काज करायचे असतील, टी-शर्टसारखं ताणणारं कापड शिवायचं असेल, कडा झिगझॅगने, म्हणजे नागमोडी टाक्याने, बंद करायच्या असतील, तर विजेवर चालणारं हलकं झिगझॅग मशीन बघा. उषा, सिंगर, ब्रदर यांची बरीच मॉडेल्स १०,००० ते २०,००० रुपयांच्या पट्ट्यात आहेत. सात टाके की एकवीस, यावर दुकानदार फार बोलतो. प्रत्यक्षात सरळ, झिगझॅग आणि काज एवढेच रोज लागतात, वेलबुट्टीचे टाके पहिल्या महिन्यानंतर फारसं कोणी वापरत नाही. त्यापेक्षा काज एका टप्प्यात होतो की चार टप्प्यांत, हे विचारा. साडीचा पिको मशीनचा कापड दाबणारा पाय बदलून, वेगळा लावून या मशीनवर करता येतो, पण वेग बेताचा. पिको-फॉलचाच धंदा करायचा असेल तर पिकोचं वेगळं मशीन बघावं.

जुकी, जॅक अशी कारखान्यातली मशीनं मिनिटाला ५,००० टाक्यांपर्यंत जातात. टेबल-मोटरसह ती २०,०००-२५,००० रुपयांपासून पुढे मिळतात. ती करतात फक्त सरळ टाका, पण दिवसभर करतात. रोज चार-पाच ब्लाउज शिवून द्यायचे असतील तरच घ्या, आणि घेताना सर्वो मोटरचं घ्या. जुन्या पद्धतीची क्लच मोटर शिवण थांबली तरी घुमत राहते आणि वीज खात राहते. सर्वो मोटर पायाखालचं पेडल दाबलं तरच फिरते. वेग कमी ठेवता येत असल्यानं नवशिक्यालाही तीच बरी.

ऑनलाइन हजार-दीड हजारात मिळणारी हातात धरायची मशीनं साखळी टाका घालतात. एक टोक ओढलं की सगळी शिवण उसवते.

२. पिशवी भरा

रुबियाचा तुकडा आणि त्याच्या अस्तराचं कापड. जॉर्जेट किंवा घसरणारी सिंथेटिक साडी. जुन्या जीन्सचा पायाकडचा भाग, शिवणीसकट. दोन रंगांचे दोरे, समजा लाल आणि पांढरा. एवढं पुरे.

३. दुकानात: आधी दोरा न ओवता

चाक हातानं आपल्या बाजूला फिरवा. पूर्ण फेऱ्यात कुठे जड, कुठे हलकं लागतं का बघा. करकर आवाज आला तर दुसरं मशीन मागा. सुई बसवलेली दांडी बोटांत धरून आजूबाजूला हलवा. खुळखुळत असेल तर टाका कधीच सरळ पडणार नाही. मग बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, भरायला लावा. बॉबिन भरताना सुई थांबते का, हेही बघून घ्या. काळ्या मशीनवर त्यासाठी चाकामधला स्क्रू सैल करावा लागतो.

४. मग शिवून बघा, आणि घाई करू नका

दुकानदाराला उठवून स्वतः बसा. वर लाल, खाली पांढरा दोरा ओवा आणि रुबिया-अस्तर एकत्र धरून वीतभर शिवण घाला. आता उलटी बाजू बघा. तिथे लाल ठिपके किंवा फास दिसले तर वरचा दोरा सैल आहे. वरच्या बाजूला पांढरे ठिपके आले तर वरचा ताण जास्त आहे किंवा बॉबिनचा कमी. हे बिघाड नव्हेत, पण ताणाची चकती फिरवून दोन-तीन प्रयत्नांत ते मिटले पाहिजेत. मिटत नसतील तर मशीन सोडून द्या, दुकानदार कितीही म्हणो, 'वापरात आलं की बसेल'.

पुढची परीक्षा हात सोडून. दोन पदरी कापड पायाखाली द्या, चालू करा आणि नुसतं बघा. शिवण आपोआप डावी-उजवीकडे सरकत असेल तर कापड पुढे सरकवणारे खालचे दाते आणि वरून दाबणारा पाय यांची जुळणी बिघडलेली आहे. नंतर टाका मागे घेऊन बघा. मागचे टाके पुढच्याच लांबीचे हवेत.

जॉर्जेट अगदी कडेपासून शिवायला घ्या. झिगझॅग मशीनच्या पट्टीत लांबट खाच असते, त्यामुळे पातळ कापडाची सुरुवातीची कड कधीकधी खाली ओढली जाते. तसं झालं तर सरळ टाक्याची वेगळी पट्टी मिळते का विचारा. शेवटी जीन्सची जाड शिवण ओलांडा. चढावर टाका सुटतो का, मोटर कण्हते का, ते कळतं. सुई मोडू नये म्हणून आधी १६ नंबरची लावून घ्या. रुबिया-जॉर्जेटला ११, साध्या सुतीला १४.

५. जुनं घेत असाल तर

नवा रंग आणि चकचकीत सोनेरी नक्षी बघून भुलू नका, मशीन आडवं पाडून पोटातला गंज बघा. लांबट, होडीसारख्या शटलचं (बॉबिन ज्यात बसते तो भाग) जुनं सिंगर कितीही देखणं असलं तरी त्याच्या बॉबिनी सहज मिळत नाहीत. ते दिवाणखान्यात ठेवायला घ्या.

६. पैसे देण्याआधी

पक्कं बिल, त्यावर मशीनचा नंबर, आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का. मोटरची वॉरंटी वेगळी असते का, दुरुस्तीला माणूस घरी येतो की मशीन न्यायचं, हे विचारून घ्या. जवळच्या शिंप्याला 'तुमचं मशीन कोण दुरुस्त करतं?' असं विचारलंत तर कंपनीच्या हेल्पलाइनपेक्षा खरं उत्तर मिळतं. त्या कारागिराला न येणारं मॉडेल मी तरी घेणार नाही.

सरकारी मदतीबद्दल: मोफत शिलाई मशीन देणारे जे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, ते पीआयबीने, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने, खोटे ठरवले आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना मात्र खरी आहे. तिच्यातल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि पात्र कारागिराला अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागातही चौकशी करा, तिथे अनुदानावर मशीनच्या योजना येत असतात.

निघताना सुयांची दोन पाकिटं, सात-आठ बॉबिनी, मशीनचं तेल, छोटा ब्रश आणि स्क्रूड्रायव्हर त्याच बिलात मागून घ्या. घरगुती मशीनच्या सुईचा वरचा भाग एका बाजूने चपटा असतो आणि कारखान्याच्या मशीनची सुई गोल असते, तेव्हा पाकीट उघडून एक सुई तिथेच लावून बघा.