पाहुण्याला घरात घ्या की घेऊ नका? बायबलची दोन वचनं भांडतात तेव्हा

कोल्हापुरात दारात आलेल्याला 'जेवूनच जा की' म्हटल्याशिवाय कोण सोडत नाही, त्यामुळं इथल्या कॉटेज मीटिंगमध्ये (कुणाच्या तरी घरी भरणारी ख्रिस्ती प्रार्थनासभा) २ योहान हे बायबलमधलं छोटं पत्र वाचलं की एखादं तरणं पोरगं विचारतंच, इब्री १३:२ म्हणतं पाहुणचार विसरू नका, काही जणांनी नकळत देवदूतांनाच जेवू घातलंय, आणि इथं वचन १० म्हणतं त्याला घरात घेऊ नका, नमस्कार पण करू नका, मग खरं कुठलं? प्रश्न रास्त आहे. 'बायबलमध्ये विरोधाभास नसतोच' असं म्हणून त्याला गप बसवू नका, पुढच्या मीटिंगला येणार नाही ते.

आधी अख्खं पत्र वाचा. २ योहान सगळं मिळून १३ वचनांचं, चहाला उकळी येईपर्यंत वाचून होतंय. पाहुणा कोण ते वचन ७ मध्येच आहे, येशू देहधारी होऊन आला हे न मानणारे, गावोगाव फिरून तेच शिकवणारे लोक. म्हणजे वाट चुकलेला माणूस किंवा शेजारचा दुसऱ्या धर्माचा काका नव्हे. आता दुसरं बघा, तेव्हा चर्चची बिल्डिंग नव्हती, मंडळी घरातच जमायची (रोम १६:५). आपल्याकडं कॉटेज मीटिंग कुणाच्या तरी हॉलमध्येच भरते म्हणून हे लगेच कळतं, घरात घेतलं म्हणजे सगळ्यांपुढं बोलायला बसवलं. ताट वाढणं वेगळं आणि हातात माईक देणं वेगळं, राव. फिरत्या शिक्षकांचा ताप तेव्हा खराच होता, 'दिदाखे' नावाच्या जुन्या ख्रिस्ती नियमपुस्तकात तर सरळ लिहिलंय की प्रेषित आला तर एक दिवस ठेवा, गरज पडली तर दोन, तीन दिवस राहिला तर तो खोटा, आणि पैसे मागितले तरी खोटाच.

आणि पान उलटून ३ योहान वाचल्याशिवाय थांबू नका. तिथं दियत्रफेस नावाचा मंडळीतला एकजण बंधूंना, म्हणजे बाहेरून आलेल्या विश्वासू भावांना, घरात घेत नाही म्हणून शिव्या खातोय, आणि दोन्ही पत्रं स्वतःला 'वडील' (मंडळीतला ज्येष्ठ) म्हणवणाऱ्याचीच आहेत! कुणी २ योहान दाखवून दार लावायला लागला तर त्याला हे दाखवा.

१ करिंथ ५:११ ला पण हीच पद्धत. स्वतःला बंधू म्हणवून वाईट वागणाऱ्याबद्दल 'अशाबरोबर जेवू पण नका' हे वचन ११, पण ९-१० मध्ये पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतोय मी बाहेरच्या जगातल्या लोकांबद्दल बोलत नाही. मग २ करिंथ २:७ ला एकाला क्षमा करा म्हणतो. तो माणूस १ करिंथ ५ मध्ये ज्याला बाहेर काढायला सांगितलं तोच की दुसरा यावर वाद आहे, त्यावर जास्त भार टाकू नका.

क्षमेचं सगळ्यात भारी उदाहरण मत्तय १८. वचन १७ ला चूक दाखवूनही न ऐकणाऱ्याला जकातदारासारखं (कर गोळा करणारा, तेव्हा लोक त्याला लांबच ठेवायचे) समजा, आणि पाचच वचनांनी २२ ला साताच्या सत्तर वेळा क्षमा करा. एकाच अध्यायात दोन्ही! इथं मागंपुढं बघायचं: मागं हरवलेलं मेंढरू, पुढं कर्जदार चाकराची गोष्ट. दहा हजार तलांत म्हणजे किती ते पोरांना मोबाईलवर काढायला लावा, एक तलांत साधारण सहा हजार दिनार, एक दिनार एका दिवसाची मजुरी, म्हणजे राजानं त्या चाकराला सहा कोटी दिवसांची मजुरी माफ केली आणि हाच चाकर शंभर दिवसांच्या मजुरीसाठी दुसऱ्याचा गळा धरतोय. आणि येशू जकातदारांच्या पंगतीला बसायचा हे मत्तय ९ मध्ये आहेच, तेव्हा वचन १७ चा अर्थ 'कायमचा हाकला' एवढाच लावता येत नाही.

पण एक इशारा. मार खाऊन माहेरी आलेल्या बाईला वचन २२ दाखवून 'क्षमा कर, परत नांदायला जा' म्हणणारे लई भेटतात, त्यांना वचन १५ ते १७ वाचायला लावा, तिथं तोंडावर चूक दाखवणं आहे, साक्षीदार आहेत, मंडळी आहे.

आता सगळंच जुळतं असं नाही हां. लूक १७:३ म्हणतं पश्चात्ताप केला तर क्षमा कर, आणि मार्क ११:२५ म्हणतं प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा क्षमा करा, तिथं अट कुठं दिसत नाही. माझं मत असं की मनातला राग सोडायला अट नाही, पण तुटलेलं नातं पूर्ववत व्हायला समोरच्याचा पश्चात्ताप लागतो. पण ही जुळवणी माझी, वचनात तशी लिहिलेली नाही, आणि मीटिंगमध्ये हे स्पष्ट सांगायचं. दोन्ही वचनं वहीत शेजारी शेजारी लिहायला लावा आणि पोरांना भांडू द्या की जरा.