रोबोटिक हाताने पहिला घोट घेताना

मान आणि उजव्या हाताची दोन बोटं, एवढंच माझं चालतं. व्हीलचेअरला रोबोटिक हात बसवला त्याच दिवशी मी भरलेला पेला उचलायला गेलो आणि सगळं पाणी मांडीवर आलं. म्हणून सांगतो, पहिला आठवडा पेला रिकामाच ठेवा.

आधी मोड अंगवळणी पडू द्या. जॅको नावाचा खुर्चीला बसवायचा रोबोटिक हात आहे, तसल्या हाताला सहा सांधे असतात, बोटं वेगळीच. जॉयस्टिक मात्र एका वेळी दोन-तीन हालचालीच सांभाळते. त्यामुळे एका मोडमध्ये हात सरकतो, दुसऱ्यात मनगट वळतं, तिसऱ्यात बोटं मिटतात. पेला जवळ आणायचा असतो, मनगटाचा मोड तसाच राहिलेला असतो, आणि पेला कलंडतो. मी दर वेळी मोडचं नाव मोठ्याने म्हणायचो. वेग सगळ्यात कमी ठेवा.

जॉयस्टिक जमत नसेल तरी धीर सोडू नका. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात १९८७ साली माइक टॉपिंग यांनी सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या अकरा वर्षांच्या मुलासाठी 'हँडी १' हा जेवायला मदत करणारा रोबोट बनवला. तो एकाच बटणावर चालायचा.

पेला जाड बुडाचा, प्लॅस्टिकचा घ्या. कागदी चेपतो, स्टीलचा निसटतो; स्टीलचाच हवा तर मधोमध दोन रबरबँड चढवा. अर्धाच भरा आणि लांब, वाकणारी स्ट्रॉ काठाला चिमट्याने पक्की करा. मग मनगट वळवावंच लागत नाही.

स्ट्रॉचं टोक ओठांपासून चार बोटांवर आलं की हात थांबवा. उरलेलं अंतर मानेने कापा, कारण तोंड कुठे आहे हे माझ्या हाताला कळत नाही. ही जागा रोबोटिक हाताच्या मेमरीत साठवता येत असेल तर साठवा, पण खुर्चीत पुन्हा बसवल्यावर आपण जरा खाली-वर बसलेलो असतो, म्हणून रोज पहिल्यांदा सावकाश तपासा.

थांबवायचं बटण दाबल्यावर काय होतं, ते रिकाम्या टेबलावर पाहून घ्या. काही हात वीज तुटली की खाली पडतात. माझी आई सुरुवातीला पेला धरायला धावायची. तिला मी विनवलं, "आई, तुझा हात बटणावर ठेव, पेल्यावर नको." चालत्या सांध्यात बोट सापडू शकतं.

गिळायला त्रास होत असेल तर थेरपिस्टला विचारल्याशिवाय यातलं काही करू नका. गरम पेय तर महिनाभर नकोच: स्ट्रॉतून ते थेट घशाशी जातं, आणि तेवढ्या वेळात हात मागे नेता येत नाही.