एक रोप, एक शेजारी: लहान मुलांना काळजी घ्यायला शिकवताना

‘निसर्ग जपावा’ हे वाक्य तीन वर्षांचं मूल पाठ करून दाखवतं, पण त्याचं नेमकं काय करायचं ते त्याला उमगत नाही. निसर्ग त्याला दिसत नाही, मान टाकलेलं रोप दिसतं. समाज दिसत नाही, जड पिशवी घेऊन जिना चढणाऱ्या शेजारच्या आजी दिसतात. म्हणून ३ ते ७ वर्षांच्या मुलाला एक रोप आणि एक शेजारी नेमून द्यावा. एकेकच. दहा कुंड्या आणि सगळी गल्ली एकदम दिली, तर आठवड्याभरात सगळंच सुटतं.

रोपापासून सुरुवात

बी मोठं आणि लवकर उगवणारं घ्या. घेवडा उत्तम. बारीक बी मुलाच्या चिमटीत येत नाही आणि एकाच जागी ढिगानं पडतं. घेवड्याच्या बिया ८ ते १० तास पाण्यात भिजवा. तळाला छिद्रं असलेली, साधारण २० सेंमी खोल कुंडी मोकळ्या मातीनं भरा आणि बी २ ते ३ सेंमी खोल पेरा. मुलानं बोटाची दोन पेरं मातीत रुतवली की जवळपास तेवढी खोली मिळते. एकच बी पेरू नका. ते कुजलं तर पहिल्याच प्रयत्नात मूल हिरमुसतं, म्हणून चार-पाच पेरा. हवा उबदार असेल तर ५ ते १० दिवसांत कोंब मातीबाहेर येतो. कच्चा घेवडा पोटाला बाधतो, त्यामुळे पेरणी संपेपर्यंत मोठ्यांनी शेजारी बसावं.

मुलांच्या हातची बहुतेक रोपं पाण्याअभावी मरत नाहीत, अति पाण्यानं मरतात. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते आणि मुळांना ती लागते. सतत पाणी भरलं की मुळं गुदमरतात आणि कुजतात. ‘रोज पाणी घाल’ असं सांगितलं तर मूल प्रेमानं दिवसातून चारदा घालतं. त्याऐवजी त्याला सांगा, ‘आधी मातीला विचार.’ बोट एक पेरभर आत घालायचं. ओलं लागलं तर आज पाणी नाही. कोरडं लागलं तर १०० मिलीच्या पेल्यानं, बुंध्याशी, सावकाश ओतायचं. लहान कुंडीला एक-दोन पेले पुरतात आणि तळातून पाणी झिरपू लागलं की थांबायचं. मोठी झारी देऊ नका, ती मुलाला आवरत नाही.

या सगळ्या खटाटोपात आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती हीच सवय: मदत करण्याआधी गरज विचारून घेणं. पुढे माणसांकडे जाताना तीच कामी येते.

रोप आजारी पडलं तर रात्रीत गुपचूप दुसरं आणून ठेवू नका. मुलासोबत बसून कारण शोधा. माती ओली आणि खालची पानं पिवळी असतील तर बहुधा पाणी जास्त झालं. माती कोरडी आणि पानं लोंबलेली असतील तर कमी पडलं. देठ लांबुडके, फिकट आणि एका बाजूला झुकलेले दिसले तर उजेड अपुरा आहे. भर दुपारी माती ओली असूनही पानं मलूल होतात आणि संध्याकाळी सावरतात. अशा वेळी घाईनं पाणी घालू देऊ नका. रोप मेलंच तर तसं साध्या शब्दांत सांगा, मुळं उकरून दाखवा आणि उरलेल्या बिया पेरा.

किडे, पक्षी, कचरा

किडा दिसला की मुलं एक तर किंचाळतात नाही तर पाय देतात. दोन्हीवर उपाय एकच, बघायचं काम द्या. पाय किती? कुठे चाललाय? तोंडात काय धरलंय? उत्तर शोधण्यासाठी थांबलेलं मूल सहसा चिरडत नाही. बागेतला दगड उचलून खाली बघितला, तर तो होता तसाच परत ठेवायचा, कारण त्याखालचा ओलावा आणि अंधार हेच तिथल्या जिवांचं घर असतं. गांडूळ हातात घ्यायचं असेल तर आधी हात ओला करावा. ते त्वचेतून श्वास घेतं आणि कोरड्या हातावर त्याची त्वचा सुकते. फुलपाखरू मात्र पकडायचं नाही, त्याच्या पंखांवरचे खवले बोटाला लागून निघून येतात. न ओळखणाऱ्या किड्याला हात लावायचा नाही, हा नियम मोठ्यांनाही लागू.

पक्ष्यांसाठी पसरट भांडं ठेवा. पाणी ३ ते ५ सेंमीच असावं आणि मधोमध एक दगड, म्हणजे लहान पक्ष्याला उभं राहता येतं आणि पडलेल्या मधमाशीला वर चढता येतं. पाणी रोज बदला. उष्ण हवेत डासाचं अंड्यापासून डास होणं आठवड्या-दीड आठवड्यात उरकतं, त्यामुळे ‘नंतर बघू’ म्हणून राहिलेलं भांडं शेजाऱ्यांना त्रास देतं. हे मुलाला जरूर सांगा.

कचरा उचलायला नेलंत तर हातमोजे द्या, काच आणि सुया मोठ्यांनीच उचला आणि नंतर साबणानं २० सेकंद हात धुवा.

शेजाऱ्याकडे

आधी तुम्ही एकटे जाऊन विचारा. सगळ्यांनाच मूल दारात आलेलं आवडत नाही आणि नकार मनाला लावून घेऊ नये. होकार मिळाला तर आठवड्यातला एक वार आणि वेळ ठरवा. ठरलेला वार मुलाच्या लक्षात राहतो, ‘कधीतरी जाऊ’ राहत नाही.

काम खरं आणि छोटं हवं: टपाल वर नेऊन देणं, कुंडीला पाणी घालणं, पडलेली वस्तू वाकून उचलून देणं. जाण्यापूर्वी घरात सराव करा. दार एकदा वाजवायचं, मनात दहापर्यंत मोजायचं, मग विचारायचं, ‘आजी, आज काही काम आहे का?’ ‘नाही’ म्हटलं तर ‘बरं’ म्हणून परत यायचं. हा ‘बरं’ शिकवायला सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण आपली मदत कुणाला नको असू शकते हे लहान मुलाला पटत नाही. लाजाळू मुलाला बोलण्याची सक्ती नको. ते फक्त वस्तू हातात देईल, तेवढं पुरे.

बक्षीस द्यावं का?

देऊ नये. वार्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये २० महिन्यांच्या मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मदतीबद्दल खेळणं मिळालेली मुलं पुढे कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच मिळालं नाही किंवा नुसतं कौतुक झालं, त्यांच्यात ही घट आढळली नाही. कौतुक करतानाही परिणाम दाखवा. ‘शहाणं बाळ’ म्हणण्यापेक्षा ‘तू टपाल नेलंस, आजींना जिना उतरावा लागला नाही’ हे मुलाला जास्त कळतं.

चूक झाली, म्हणजे शेजारची फांदी तोडली किंवा चेंडू लागून कुंडी फुटली, तर नुसतं ‘सॉरी’ म्हणायला लावून प्रकरण मिटवू नका. काय झालं ते मुलानं सांगायचं, माती गोळा करायला मदत करायची, रोप दुसऱ्या कुंडीत लावायचं आणि दोन दिवसांनी ते जगलं का हे बघायला परत जायचं. मोठी माणसं नेमकं हे परत जाणंच विसरतात.

आणि बाहेरगावी जाताना घेवड्याची कुंडी त्याच शेजाऱ्यांकडे ठेवा. बोट कुठवर घालायचं आणि किती पेले ओतायचे, हे मुलालाच त्यांना दाखवू द्या.