गावाला जोडगाव करायचंय? मग आधी गाद्या मोजा

इंग्लंड-फ्रान्सच्या खेड्यांमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर एक भारी पद्धत रुजली. दोन गावं जोडगावं व्हायची, वेशीवर तशी पाटी लागायची, मग एका वर्षी इकडची माणसं बस भरून इंग्लिश खाडीपलीकडे आणि पुढच्या वर्षी तिकडची इकडे, आणि राहायचं हॉटेलात नाही तर एकमेकांच्या घरी. नाशिकच्या निफाड-दिंडोरीतल्या द्राक्षवाल्या गावांना कोकणातल्या एखाद्या गावाशी हे आरामात जमेल. आपल्याला तर पासपोर्टचीही कटकट नाही (तिकडे ब्रेक्झिटनंतर ऑक्टोबर २०२१ पासून फ्रेंच पाहुण्यांना नुसतं ओळखपत्र चालेना, शाळेच्या पोरांच्या फेऱ्या आटल्या, मग डिसेंबर २०२३ ला पोरांच्या ग्रुपपुरती सूट मिळाली).

पहिलं काम म्हणजे समिती. ग्रामसभेत ठराव जरूर घ्या पण कारभार ग्रामपंचायतीच्या हातात देऊ नका, सरपंच बदलला की आधीच्याचं सगळं बंद हे आपल्याला काही नवीन नाही. तिकडेही २०११ साली बिशप्स स्टॉर्टफर्ड नावाच्या इंग्रजी शहराच्या कौन्सिलनं फ्रान्स आणि जर्मनीतल्या जोडगावांशी असलेलं जुनं नातं संपवून टाकलंच की. म्हणून बहुतेक खेड्यांत गावकऱ्यांची वेगळी संस्था असते, तीच क्विझ नाइट वगैरे ठेवून पैसे जमवते. आपण यात्रेत मिसळचा स्टॉल लावू.

पैशाचा नियम त्यांचाच उचला. साधारण असं असतं की प्रवास पाहुण्यानं करायचा, राहणं-जेवण यजमानाचं. एसटी प्रासंगिक करारावर मिळते, डेपोत लवकर जाऊन चौकशी करा, सुट्टीच्या सिझनला ऐनवेळी गाडी मिळत नाही.

आता खरं काम, जोड्या लावणं. इथे घाई केली की चार दिवस दोन्ही घरं अवघडून बसतात. प्रत्येक घराकडून एक पानाचा फॉर्म भरून घ्या आणि त्यात लाजू नका, सरळ विचारा: व्हेज का नॉनव्हेज (कोकणात मासे रोजचे आणि आपल्याकडे माळकरी घरं भरपूर), गुडघे दुखतात का, कमोड आहे का, माडीवर झोपायला चालेल का, कोण घोरतं, घरात कुत्रा आहे का, कॉलेजची मुलगी एकटी येतेय का. मग वयाला वय, धंद्याला धंदा बघा. बागायतदार आंबेवाल्याकडे गेला की फवारणी आणि व्यापाऱ्यांच्या नावानं बोटं मोडण्यात रात्रीचे बारा कधी वाजले कळत नाही, आणि एकदा लागलेली जोडी पुढच्या वर्षी मोडायची नाही, मैत्री तिथेच होते.

तारखांचं आपल्याकडे दोन पिकांचं गणित आहे. फ्रान्समध्ये असेन्शन या ख्रिस्ती सणाच्या गुरुवारी सुट्टी असते, शुक्रवारची रजा टाकली की चार दिवस, त्यामुळे मे महिना तिकडे सोयीचा. आपणही द्राक्षवेलींची एप्रिल छाटणी उरकून मे मध्ये कोकणात जाऊ, आंबाही असतो आणि पोरांना सुट्टीही. त्यांना फेब्रुवारीत बोलवा, द्राक्षं तोडणीला आलेली असतात. गणपतीत मात्र अजिबात जाऊ नका हो, तिथे मुंबईहून आलेल्या घरच्याच माणसांना पाठ टेकायला जागा नसते. आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या पर्वणीला पाहुणे बोलावणं म्हणजे त्यांना ट्रॅफिक दाखवणं.

कार्यक्रम कमी ठेवा. शाल-श्रीफळ एकदाच, तेही अर्ध्या तासात. एक दिवस सगळे मिळून फिरायचं, एक दिवस पूर्ण ज्याच्या-त्याच्या घरचा, मग यजमान बागेत नेईल नाहीतर चुलीवरची मिसळ खायला नेईल, समितीनं त्यात पडू नये.

तरुण पोरं पहिल्याच बसमध्ये हवीत, तिकडे कितीतरी संस्थांत आता फक्त रिटायर्ड मंडळी उरलीत. आणि परतीची बस सुटायच्या आधी दोन्ही समित्यांनी पुढच्या भेटीची तारीख वहीत लिहून सह्या करायच्या, फोनवर बघू-बघू करत ठेवलं की वर्ष गेलंच.