लायगेज: प्रयोगात आणि उत्तरपत्रिकेत या चुका टाळा

डीएनएच्या तुकड्यांची जोडणी फसली की सर्वांत आधी संशय घेतला जातो तो ती करणाऱ्या लायगेज या एन्झाइमवर, आणि या सवयीचा मला मनापासून कंटाळा आला आहे. प्रयोगात वापरायचे टी4 डीएनए लायगेज सहसा शाबूत असते. निकामी होते ते बफरमधले, म्हणजे सोबतच्या द्रावणातले, जोडणीला ऊर्जा पुरवणारे एटीपी, कारण ते बफर पुन्हा पुन्हा वितळवून गोठवले जाते.

जळगावच्या एका प्रयोगशाळेत मे महिन्यात एम.एस्सी.च्या मुलांच्या प्लेटवर जोडलेला डीएनए घेतलेल्या जिवाणूंची एकही कॉलनी उगवेना, तेव्हा नवे एन्झाइम मागवायचे ठरले. मी बफरची नळी मागितली. वीज गेल्यावर फ्रीझरमध्ये ती कितीदा वितळली होती, हे कोणालाच सांगता येईना, आणि झाकण उघडल्यावर डीटीटीचा (बफरमधल्या एन्झाइम टिकवणाऱ्या रसायनाचा) नेहमीचा कुबट वासही येत नव्हता. त्यात भर म्हणजे प्रोटोकॉलमधले ‘खोलीच्या तापमानाला ठेवा’ हे वाक्य मुलांनी शब्दशः पाळले होते. ते तापमान म्हणजे 20 ते 25 अंश. बाहेर पारा 44 वर असताना पंख्याखालच्या नळीला ते कोठून मिळणार? डीएनएची चिकट टोके (कापलेल्या तुकड्यांची एकेरी धाग्याची टोके) बहुधा चारच बेसच्या आधाराने एकमेकांना धरून असतात. उकाड्यात ती सुटतात आणि लायगेजला सांधण्याजोगे काही हाती लागत नाही.

बफर आल्या दिवशीच मी ते लहान नळ्यांत वाटून ठेवते, एकदा उघडलेली नळी पुन्हा गोठवत नाही, आणि जोडणी रात्रभर 16 अंशांवर ठेवते. तळाशी पांढरा साका दिसल्यास नळी टाकून देऊ नये. हातात धरून हलवली की तो विरघळतो. दहा मिनिटांत जोडणी करून देणारी किट वाईट नाहीत, परंतु साधी जोडणी न जमलेल्या उतावळ्या मुलाला फसलेले किटही सुधारता येत नाही.

लायगेज न घातलेली कंट्रोल नळी कधीही वगळू नका. जोडणीला लागणारे फॉस्फेट आहे का, तेही आधी पाहा: साध्या प्रायमरने पीसीआर करून (डीएनएच्या प्रती काढून) मिळवलेल्या तुकड्याला 5′ टोकाशी ते नसते. व्हेक्टरचेही (तुकडा ज्यात बसवायचा त्या डीएनएचेही) काढून टाकले असेल, तर काहीच जुळणार नाही.

उत्तरपत्रिकेतली चूक याहून जुनी आहे: ‘लायगेज बिघडले की डीएनए तुटतो आणि कर्करोग होतो’ असे सरसकट लिहिले जाते. पण लायगेज एकाच प्रकारचे नसते: युबिक्विटिन लायगेज डीएनएचे धागे सांधत नाहीत. ते प्रथिनांना युबिक्विटिन हे छोटे खूण-प्रथिन जोडतात, आणि बहुतेकदा ती प्रथिने नष्ट होण्यासाठी पाठवली जातात. मानवी पेशींत त्यांचे 600 हून अधिक प्रकार आहेत. त्यांतले यूबीई3ए मेंदूच्या पेशींत नसले तर अँजेलमन सिंड्रोम हा मेंदूच्या विकासाचा आजार होतो. एचपीव्ही विषाणूचे ई6 प्रथिन मात्र त्याच यूबीई3एला हाताशी धरून कर्करोग रोखणारे पी53 प्रथिन नष्ट करवते आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची वाट मोकळी होते. म्हणजे एका आजारात लायगेजचा अभाव आहे, तर दुसऱ्यात त्याचा गैरवापर. डीएनए लायगेज 4 चा दोष याहून निराळा: दोन्ही धागे तुटलेल्या जागा नीट सांधल्या जात नाहीत, त्यामुळे रुग्णाची प्रतिकारशक्ती दुबळी राहते आणि किरणोत्सर्ग त्याला सोसत नाही.